हिरडीवरची गोळी

प्रिय ताई,

मी पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू ओळखलंच असशील.

तू सगळ्यांना सांगतेस की भाऊ औषधं शोधतो. अगं, मी भुकटी चाळतो, गोळ्या दाबायचं मशीन पुसतो. सातवीतून पळालेल्याला आणखी काय देणार? पण आमच्या कारखान्यात सध्या एक नवी गोळी बनवतायत, तिच्यात माझा जीव अडकलाय. वरच्या हिरडीवर बोटाने अर्धं मिनिट दाबून धरली की तिथेच चिकटते, आणि दुखणं थांबवणारं औषध सहा तास थोडं थोडं सोडते. गिळायला नको. बाबांच्या घशाचं कळल्यापासून फोनवर त्यांना हेच सांगत आलो, जरा कळ काढा, तुमची गोळी होतेय.

मागच्या महिन्यात आम्हा दहा कामगारांच्या तोंडात बिनऔषधाच्या गोळ्या लावून पाहिल्या. जिभेने डिवचायचं नाही, सुटली की वहीत वेळ लिहायची, एवढंच काम. माझी तिसऱ्या तासाला सुटली. मला वाटलं, दोष माझाच. बाबा म्हणतातच, या भोवऱ्याच्या जिभेला हाड नाही. माझ्यापायी त्यांची गोळी कशाला अडायची, म्हणून सहा तास लिहून मोकळा झालो.

मग तुझा निरोप आला की चमचाभर पाण्याने बाबांना ठसका लागला आणि ते निळे पडले. झोपेत अशी सुटलेली गोळी त्या घशात गेली तर?

दुसऱ्या दिवशी गोळीचं काम बघणाऱ्या मोठ्या बाईंना खरं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. बाकीच्या नऊ जणांना परत विचारलं, तर आणखी दोघांनी माझ्यासारखंच केलेलं. आता चिकटवायची भुकटी बदलून सगळं पहिल्यापासून. निदान वर्ष जाईल. डॉक्टर तुला किती महिने म्हणाले, ते मला ठाऊक आहे.

फोन करणार होतो. पण बाबांचा आवाज ऐकला की मी पुन्हा होतेय, होतेय म्हणेन. म्हणून हे कागदावर. तू त्यांना वाचून दाखव, काही गाळू नकोस. नवी गोळी आत्ता माझ्या हिरडीवर आहे. चार तास दहा मिनिटं झाली. त्यांना सांग, अजून जीभ लावलेली नाही.

तुझाच,
भोवरा