दलदल सुकवली त्याची हकीकत

प्रिय ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? आम्ही जिवंत आहोत. यापलीकडे कळवण्यासारखं चांगलं काही नाही.

बाबांनी वाटणी केली तेव्हा घरामागची दलदल निम्मी तुला, निम्मी मला आली. डास, बेडूक आणि पुरुषभर उंच लव्हाळी याखेरीज तिथे काही नाही, असं माझं ठाम मत होतं. भावोजी म्हणाले, "चर खणून पाणी काढून टाका." आमच्या हिने विचारलं, "काढलेलं पाणी जाणार कुठे?" जाईल कुठेतरी, यापुढे माझी बुद्धी गेली नाही.

खोदकामाचं यंत्र आणलं. ते पोटापर्यंत गाळात रुतलं. त्याला ओढायला आणलेला ट्रॅक्टर शेजारीच रुतला. (पलीकडच्या न्हाव्याने दुकान बंद करून गिऱ्हाइकांच्या खुर्च्या आमच्या कुंपणाशी मांडल्या.) शेवटी चर झाला, पाणी रस्त्याच्या गटारात गेलं, आणि मी मिशीला पीळ देत हिंडू लागलो. उन्हाळ्यात विहीर आटली. मी पंपाला शिव्या घातल्या. मग पाऊस लागला. टेकडीवरचं जे पाणी आजवर दलदलीत येऊन निवांत पसरायचं, ते चरातून सुसाट निघालं, गटारात मावेना, म्हणून आमच्या स्वयंपाकघरात आलं. पिठाचा डबा तरंगत अंगणात गेला. न्हाव्याचा मोठा आरसा फुटला. (आता तो माझी दाढी करायला तयार नाही. मलाही त्याच्या हातात वस्तरा द्यायला धीर होत नाही.) ही माझ्याशी बोलते, पण फक्त हवामानाविषयी.

पाणथळ जमिनींचं काम पाहणाऱ्या एक बाई गुडघाभर बूट घालून आल्या. म्हणाल्या, "अहो, ही जमीन स्पंजासारखी. पुराचं पाणी पिते, गाळ धरते, विहिरीला सावकाश देते. तुम्ही तिला पिळून टाकलंत." त्यांच्या सांगण्यावरून मी चर बुजवला, काठावर गुरं सोडणं बंद केलं, कडेच्या झाडोऱ्याचा पट्टा राखला. लव्हाळी कापायचीच तर पाखरांची घरटी रिकामी झाल्यावर, आणि तीही थोडी यंदा, थोडी पुढल्या वर्षी. एवढं करूनही ओल अजून नावापुरतीच आहे. परवा एक बेडूक ओरडला, तेव्हा मी काठावर बसून अक्षरशः रडलो. मग तोही गप्प झाला.

बाई म्हणतात, पाणी आमची वाटणी जाणत नाही. तुझा निम्मा भाग गेला तर माझाही जगणार नाही.

सगळ्यांना यथायोग्य सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. भावोजी तुझ्या भागावर भराव घालून गोदाम बांधणार, असं ऐकलं. जमीन तुझ्या नावावर आहे, ताई. तू नाही म्हटलंस तर नाहीच होणार. तेवढं म्हण.

आणखी एक. भरावाचा ट्रक सकाळीच आलाय. हे सगळं मी त्याच्यासमोर वाटेत खुर्ची टाकून लिहितोय. चालक म्हणाला, "काका, उठता का?" मी म्हटलं, "पत्र संपू दे." भला माणूस आहे, इंजिन बंद करून थांबलाय. हे पत्र तोच तुझ्याकडे आणतोय. उत्तर त्याच्याच हाती दे. मी उठत नाही.