वर्षभर आधीची नोटीस

किगाली, ३ मार्च

आई,

तुझ्यासमोर गुडघे टेकून बसले आहे असं समज. तब्येत छान आहे. केळी उकडते, पोटभर खाते.

फोटो साफ करणारं आमचं फुकट सॉफ्टवेअर आठवतं ना? तो सगळा एकच गुंता होता. मी त्याचे सुटे भाग करते आहे, म्हणजे ज्याला जे लागेल तेवढंच घेता येईल. धूसर फोटो उजळणारा एक जुना भाग काढायचा होता. काढण्याआधी वर्षभर सॉफ्टवेअरच्या वेबपानावर नोटीस लावायची, असा आमचा नियम. अकरा महिने कोणी अवाक्षर काढलं नाही. माझ्याशी तरी इथे कोण बोलतं म्हणा!

काल नोटिशीखाली उत्तर आलं. आपल्या बोल्गाच्या दवाखान्यात रक्ताचे धूसर फोटो उजळून मलेरिया तपासणारे आयिंबिलाकाका! "कोण गाढव हा भाग काढतंय? मग रक्त काय तुझा बाप तपासणार?" तेही आपल्या फ्राफ्रा भाषेत. मी ते चारदा वाचलं. माझं नाव कळल्यावर विरघळले. भाग ठेवला.

त्यांच्याकडूनच कळलं, घरी माझ्या खोलीत आता गिनी कोंबड्या असतात. असू देत. तुझी पाठ कशी आहे?

पण आई, आमच्यात वर्षभर आधी सांगतात गं.

तुझीच,
आतिपोका