जाळीजवळचा फटका

सर,

कालचा माझा उपांत्य सामना मी घरी येऊन आवाजासकट पाहिला. आई नको म्हणत होती. तिनं तुमचं समालोचन आधीच ऐकलं होतं.

शेवटचा गुण आठवतोय? समोरची गोरी मुलगी माझ्या स्मॅशच्या धाकानं मागे सरकली आणि मी शटल जाळीवरून अलगद पलीकडे सोडलं. फुंकर मारावी इतकंच. तुम्ही माइकवर म्हणालात, "काय हा जोर. या काळ्या लोकांच्या रक्तातच असतो. बाई आहे की पहिलवान?" शेजारचा समालोचक खो खो हसला. मग हरलेलीचं कौतुक: "बिचारी डोक्यानं खेळते, आणि दिसते किती गोड."

तो फटका रक्तातून आलेला नाही. तुम्ही शिकवलात. जाळीच्या वर हात आडवा धरायचात आणि शटल त्या हाताखालून जायला हवं असायचं. बोटांना लागलं की पुन्हा पहिल्यापासून. मी रडकुंडीला आले की म्हणायचात, "जोर कुणीही लावतं, पोरी. तू डोकं लाव."

मला काळी म्हणणारे, बाप्या म्हणणारे पैशाला पासरी भेटतात. त्यांना काही ठाऊक नसतं. तुम्हाला सगळं ठाऊक होतं, आणि शेजारचा हसावा म्हणून तुम्ही स्वतःची विद्यासुद्धा नाकारलीत.

हे पत्र पाठवणार नाही. उद्या अंतिम सामना आहे आणि माइकवर तुम्हीच आहात. मी तोच फटका मारणार आहे. बघा, ओळखायची हिंमत होते का.

तुमच्या हाताखालून गेलेली,
तुमची विद्यार्थिनी