पुढच्या खुर्चीची सही

३ मार्च, सोमवार

नवी नोकरी, नवी वही, आणि मी एकदम खूश! बसडेपोच्या दप्तरात पंचवीस वर्षं धूळ खाल्ली, त्या धुळीचं आज चीज झालं. काम असं आहे. इथल्या फ्लाइंग क्लबात एक जुनं विमान आहे. लाकूड आणि कापडाचं, एकावर एक दोन पंख, दोन खुर्च्या. सगळे त्याला ‘टोळ’ म्हणतात. कारखाना कधीच बंद पडला, तिथून असले एकूण एकशेचाळीस टोळ निघाले होते. आमचा पुन्हा उडवायचा तर परवाना हवा, आणि परवान्यासाठी या जातीच्या विमानांच्या अपघातांचा सगळा इतिहास एका फायलीत हवा. तो मी जुळवायचा.

गंमत म्हणजे यात पायलट मागे बसतो आणि पाहुणा पुढे. आमच्या डेपोत ड्रायव्हर मागे बसला असता तर प्रवाशांनी त्याला खाली ओढला असता.

दुसरी गोड बातमी म्हणजे पंखांची लाकडं दुरुस्त करायला सुतार हवा होता, तर मी लगेच आमच्या ह्यांचं नाव पुढे केलं. वर्कशॉप बंद पडल्यापासून हे घरात नुसते स्टुलांना पाय लावत बसले होते. आज विमान पाहून त्यांचा चेहरा असा काही खुलला की लग्नातही मी तो तसा पाहिला नव्हता.

संध्याकाळी मेकॅनिकने रोजचा तपासणी कागद टेबलावर ठेवला. मी कोपऱ्यात सही ठोकली. कागद समोर आला की सही, म्हणजे ‘पाहिला’. डेपोची सवय, हात आपोआप चालतो.

५ मार्च, बुधवार

मेकॅनिकला सगळे नटबोल्ट म्हणतात. माणूस मोजकं बोलतो. आज डबा खाताना त्याने क्लबची रीत सांगितली. कागदावर ज्याची शेवटची सही, त्याने पहिल्या उड्डाणाला पुढच्या खुर्चीत बसायचं. म्हणजे कामात कुणी पाट्या टाकत नाही. मला रीत फार आवडली. आमच्या डेपोत असती तर निम्मे मेकॅनिक सुधारले असते आणि उरलेल्यांनी राजीनामे दिले असते.

हे तर लगेच हुरळले, काम माझं म्हणजे खुर्ची माझी. मी म्हटलं बसा बापडे. मला नाही जमायचं, मी जत्रेतल्या आकाशपाळण्यातही डोळे मिटून रडले होते. ती गोष्ट ह्यांनी नटबोल्टला मीठमसाला लावून सांगितली.

उडवणार कप्तानसाहेब, क्लबचे सर्वेसर्वा. चोपन्न-पंचावन्नचे असतील. अतिशय गोड बोलतात. हात मात्र तान्ह्या बाळासारखे मऊ, उन्हातान्हात विमानं उडवणाऱ्याचे वाटत नाहीत.

७ मार्च, शुक्रवार

जगभरच्या क्लबांची पत्रं वाचून संपली. टोळ बिचारा सज्जन निघाला. कुठे पेट्रोल संपलं, कुठे धुकं, कुठे पायलटची मस्ती. विमानाचा दोष जवळजवळ नाहीच. पुढच्या खुर्चीतले मृत्यू सगळे मिळून चार. ‘विमानाचा प्रकार सुरक्षित’ असा अहवाल लिहून सही केली. कप्तानसाहेबांनी तो तेव्हाच परवाना खात्याला धाडला. इतकी कसली घाई, असं मनात आलं. पण सरकारी काम, लवकर गेलेलं बरं.

आपल्या क्लबातले अपघात त्यात आलेले नाहीत, हे मी विचारलं. ते म्हणाले की किरकोळ आहेत, सावकाश बघा, कपाटात आहेत.

१० मार्च, सोमवार

किरकोळ! सात फायली आहेत. एकशेएकोणचाळीस विमानांत मिळून चार माणसं गेली आणि आमच्या एकट्या टोळात सात. सगळी पुढच्या खुर्चीतली. रंगारी, कापड शिवणारी बाई, एक कारकून, असेच सगळे. ज्याची शेवटची सही, तो. पायलट दर वेळी वाचलेला, डाव्या हाताला खरचटलेलं. कारणाच्या रकान्यात सातही ठिकाणी एकच वाक्य आहे, ‘दोष आढळला नाही’. दर वेळी विमान नव्याने जोडलं, पण पुढची खुर्ची तीच बसवली, कारण तिला कधी काहीच होत नाही.

ह्यांनी आज ती खुर्ची काढून उलटी केली तर खाली चाकूच्या सात खाचा. हे म्हणाले सुतारी खुणा असतात अशा. मी फायलींचं काही बोलले नाही. आधी नीट वाचते. उगाच राईचा पर्वत करणारी बाई म्हणून आधीच ख्याती आहे माझी.

१२ मार्च, बुधवार

पायलटचं नाव सातही फायलींत एकच. कप्तानसाहेब.

बरं, असेल. क्लब त्यांचा, विमान ते उडवणार. पण पहिली फाईल आणि सातवी फाईल यांत अडतीस वर्षांचं अंतर आहे, आणि वय पहिल्या फायलीत चोपन्न, सातव्या फायलीतही चोपन्न. मधल्या पाचांतही चोपन्न. कारकुनी चूक म्हणावी, तर अक्षर दर वेळी वेगळ्या माणसाचं. माझं वय एवढ्यात दोनदा चष्म्याचा नंबर वाढवून गेलं आणि साहेबांचं तिथेच अडकून बसलंय?

दुपारी चहाच्या वेळी सहज वाटेल असं विचारलं, साहेब, तुमची साठी कधी? ते हसले. म्हणाले की अजून अवकाश आहे, तुमच्या हातची फाईल पुरी झाली की मोकळा होईन. मग त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं आणि तब्येतीची चौकशी केली. सुताराला काही आजारपण नाही ना, खुर्चीला भक्कम माणूस लागतो म्हणे.

१४ मार्च, शुक्रवार

घरी ह्यांना सगळं सांगितलं. फायली दाखवल्या नाहीत, त्या बाहेर नेऊ देत नाहीत. हे म्हणाले, अगं, तुला कामावरही कुणीतरी खलनायक लागतो, डेपोत तो स्टोअरकीपर होता, इथे कप्तान. हसले आणि पंखाच्या लाकडाबद्दल बोलत राहिले. दोन वर्षांनी हा माणूस असा हसतोय. कुठल्या तोंडाने म्हणू की काम सोडा?

पण सोडायलाच हवं. नवरा एकच आहे मला.

परवाना खात्याला फोन केला. तिथल्या बाईंनी माझाच अहवाल मला वाचून दाखवला. प्रकार सुरक्षित, खाली माझी सही.

१७ मार्च, सोमवार

उड्डाण शनिवारी सकाळी. आज ह्यांच्याकडून वचन घेतलं की यापुढे कागदावर सही करायची नाही. गळ्याची शपथ घातली. कुरकुरले, पण कबूल झाले. नटबोल्टलाही बजावलं. तो माझ्याकडे बघतच राहिला, काहीतरी बोलणार होता. मग कागद टेबलावर ठेवून गेला.

आता खुर्ची नटबोल्टची किंवा कुणाचीही. एवढं लिहिताना लाज वाटतेय, पण खरं तेच.

१९ मार्च, बुधवार

हे आज खुर्ची परत बसवत होते. म्हणाले, तू सात म्हणालीस ना, खाचा आठ आहेत. मी बोट फिरवून पाहिलं. आठवी ताजी. आतलं लाकूड पांढरं. हे म्हणतात मी केली नाही.

कपाटात आठवी फाईलही आहे. सोमवारी नव्हती. कोरी. फक्त एक रकाना भरलाय. पायलटचं वय, चोपन्न.

२१ मार्च, शुक्रवार

उद्या ह्यांना घरातून निघूच द्यायचं नाही. सांगून ऐकणार नाहीत, विमान पाहायला तरी येतोच म्हणतात. मग मी त्यांचा चष्माच माझ्या पिशवीत टाकलाय. चष्म्याशिवाय ह्यांना हातभर अंतरावरचं माणूस ओळखू येत नाही, क्लबपर्यंत कुठले येतायत! सकाळी शोधत बसतील, चिडतील. चिडू देत. जिवंत माणसाचं चिडणं मला चालेल.

मी लवकर जाऊन सगळ्यांसमोर सात फायली वाचणार.

२२ मार्च, शनिवार, सकाळ

ऑफिसात कुणी नाही. टेबलावर तपासणी कागद. सगळे जोडून ठेवलेत, तीन तारखेपासून.

सुताराची सही सतरापर्यंत. त्याखाली नटबोल्टची. आणि सगळ्यांत खाली, कोपऱ्यात, रोज, एकही दिवस न चुकता —

माझी.

मी फक्त ‘पाहिला’ म्हणून —

म्हणजे ह्यांची नव्हतीच कधी. पहिल्या दिवसापासून माझी खुर्ची. नटबोल्टला माहीत होतं. म्हणून बघत होता तो.

देवा. पण हे सुटले. हे घरी आहेत. मी बसणार नाही म्हणजे नाही, बांधून नेणार आहेत काय? निघते. घरी जाते.

दाराला बाहेरून कडी आहे.

ओरडले. नटबोल्ट खिडकीशी आला. गजांपलीकडून, खाली मान घालून बोलला. कप्तानसाहेबांनी सांगितलंय, बाई घाबरतात, उड्डाण होईपर्यंत बाहेर सोडू नको. मी म्हटलं मी बसणार नाही, सही माझी असली तरी नाही. तो म्हणाला, तुम्हाला बसायचं नाहीच. बसलेत.

कोण, विचारलं.

म्हणाला, पहाटेच कप्तानसाहेब स्वतः गाडी घेऊन तुमच्या घरी गेले. तुम्ही बसमध्ये असाल तेव्हा. तुमच्या मालकांना चष्मा सापडत नव्हता, म्हणून साहेबांनीच कागद वाचून दाखवला. सही बायकोची आहे म्हणाले. तेव्हा मालक म्हणाले, ती आकाशपाळण्यातसुद्धा रडते. तिच्याऐवजी मी बसतो, तिला सांगू नका.

गेला. नटबोल्ट गेला. कडी काढ म्हटलं तरी —

इंजिन चालू झालं. खिडकीतून दिसतंय. पुढच्या खुर्चीत चामडी टोपी. हेच. टोपी वाकडी घातलीय, कधी धड घालत नाहीत. मागे तो. माझ्याकडे बघून त्याने डावा हात वर केला.

लिहितेय कारण आठव्या फायलीत ‘दोष आढळला नाही’ लिहितील. आढळला. दोष माझ्या —

वळतायत. खिडकीसमोरून जातायत. अगदी समोरून. मी एक हात गजांबाहेर काढून हलवतेय, गळा फाटेपर्यंत — हे इकडेच बघतायत, हसतायत, पण डोळे बारीक करून, आणि चष्मा माझ्या पिशवी —