किल्ली खिशात, गाडी चालूच

६ जानेवारी

किल्ली फिरवली, काढली, खिशात टाकली, उतरून दार लावलं — आणि गाडी चालूच! धड-धड-फुस्स, धड-धड-फुस्स. तेही काचवाल्याच्या दुकानासमोर, गिऱ्हाइकांदेखत! मागे कपाटांचे आरसे लादलेले, ते सगळे थंडी भरल्यासारखे कुडकुडतायत. काचवाला धावत बाहेर आला. "अहो, बंद करा की!" मी खिशातून किल्ली काढून त्याच्या नाकासमोर धरली. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

शेवटी एक आचका दिला आणि थांबली. काचवाला म्हणाला, महिनाअखेरपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर माझा माल दुसऱ्या गाडीनं येईल. दुसऱ्या गाडीनं! माझ्या ट्रकमध्ये आजवर एका काचेवर साधा ओरखडा उठलेला नाही. राग आला, पण गिळला.

७ जानेवारी

घरी दारातही तोच तमाशा. ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून — "अहो, बंद करा ना ती!"

"बंदच आहे!"

"मग वाजतंय काय?"

कपाळ माझं!

ट्रक छोटा आहे, जुना आहे, पेट्रोलवरचा आहे, सगळं कबूल. पण त्याच्यात मी काय काय केलंय ते कुणी बघत नाही. कार्बोरेटर मोठ्या मोटारीचा बसवला. पंखा विजेवरचा. इंजिनचं हेड घासून घेतलं, म्हणजे दाब वाढतो, चढावर जोर येतो. नव्या गाड्या मागे पडतात मागे! हिचं म्हणणं, "सुधारणा करून करून वेड लावलंत तिला."

८ जानेवारी

आजही. समोरचे निवृत्त हेडमास्तर किती वेळ धडधडते ते घड्याळ लावून बघत होते. लोकांना उद्योग नाहीत.

११ जानेवारी

मेकॅनिककडे नेली. याला सगळे 'थांबा-बघतो' म्हणतात, कारण काहीही विचारा, उत्तर एकच — "थांबा, बघतो." आज मात्र बघितलं त्यानं. म्हणाला, ठिणगी बंद झाली तरी इंजिन आत इतकं तापलेलं असतं की पेट्रोल आपलं आपण पेटतं. त्यात तुमचा कार्बोरेटरचा स्क्रू फार पुढे. गाडी उभी असली तरी इंजिन जोरात फिरतं, पेट्रोल ओढत बसतं. स्क्रू जरा मागे फिरवला. किल्ली काढली — चिडीचूप!

हे मला आधीच ठाऊक होतं. बोललो नाही एवढंच.

१२ जानेवारी

परत!! काचवाल्याच्या दारात! स्क्रू बघतो तर पुढे गेलेला. हादऱ्यानं फिरला असणार. मागे घेतला.

१३ जानेवारी

पुन्हा पुढे. हादऱ्याचा काय माझ्यावर राग आहे?

१५ जानेवारी

हिचा धाकटा भाऊ जेवायला आला. टाइल्सचं दुकान आहे त्याचं, आणि जगाला शहाणपण वाटायचा छंद. "दाजी, द्या ती भंगारात. माझ्याकडे काउंटरवर बसा. गार हवा, फिरती खुर्ची, मऊ उशी!" उशी म्हणे! मी काय आजारी आहे?

मला वाटलं, ही काहीतरी बोलेल. "ह्यांचा जीव आहे तिच्यात," एवढं तरी. नाही. ताटाकडे बघत बसली. उलट त्याला म्हणते, "महिना संपू दे, मग बघू." म्हणजे ठरलंय तर दोघांचं! जेवण गेलं नाही मला. भात तसाच टाकला.

१७ जानेवारी

हे फक्त इथेच लिहितोय.

डिसेंबरात फाटकाच्या खांबाला गाडी घासली. खांब मध्येच आला, असं मी सगळ्यांना सांगितलं. खांब दिसलाच नव्हता. उजव्या बाजूला कडेला आता धुकं असतं. सकाळ असो, भर दुपार असो, धुकं. मी गाडी हळू चालवतो, मान वळवून वळवून बघतो, ओळखीचेच रस्ते धरतो. ही रोज एकदा तरी म्हणते, डोळे दाखवून या. दाखवले की डॉक्टर कागदावर लिहिणार, आणि कागदावर आलं की लायसन्स गेलं. मग आहेच फिरती खुर्ची, आणि लोकांना विचारत बसायचं, बाथरूमला गुलाबी हवी की पिस्ता.

भीती वाटते मला. झालं? लिहिलं एकदाचं.

१९ जानेवारी

थांबा-बघतो म्हणाला, आत काजळी साठली असेल, ती निखाऱ्यासारखी धुमसत राहते. इंजिन उघडलं, दोघांनी बसून काजळी खरवडली. हात कोपरापर्यंत काळे. घरी आलो तर ही म्हणते, "दाराला हात लावू नका, भिंतीला लावू नका, कशाला लावूच नका!" मग काय हवेत तरंगू? हिनंच नळ सोडला, साबण चोळून दिला. पाच मिनिटं बरी गेली.

संध्याकाळी गाडी बंद केली, गप्प थांबली. लेकरासारखी.

२० जानेवारी

धड-धड-फुस्स. लेकरू कसलं, कार्टं आहे!

२२ जानेवारी

आज डोकं चालवलं. स्क्रूवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. ठिपका हलला तर स्क्रू हलला, सरळ हिशेब. अर्ध्या तासानं बघायला गेलो तर ठिपका सापडेना. रंगच भिकार. मग कानस घेतली आणि स्क्रूच्या डोक्यावर खाच पाडली, बोटाला लागेल अशी. आता बघायची भानगडच नाही.

आणखी एक. सकाळी फिरून आलो तर बॉनेट कोमट! काल संध्याकाळपासून उभी गाडी, तरी ऊब टिकून. असं इंजिन आहे का कुणाकडे?

२३ जानेवारी

खाच रात्री खाली होती. सकाळी फिरून आल्यावर चाचपली, तर वर. हादरा कुठून येणार? गाडी जागची हलली नाही! म्हणजे हा माणसाचा हात आहे. कुणीतरी मुद्दाम करतंय.

कोण? हेडमास्तर? त्यांना स्क्रू कशाशी खातात हे ठाऊक नाही. थांबा-बघतो? त्याला गिऱ्हाईक टिकवायचंय, पण तो दहाच्या आत उठत नाही. राहिला कोण — मेव्हणा! गाडी भंगारात घालायची घाई कुणाला? त्यालाच!

२४ जानेवारी

मेव्हण्याला फोन करून चांगला झाडला. "माझ्या गाडीला हात लावलास तर याद राख!" तो हसत सुटला. "दाजी, मी नाही हो. पण घरातच बघा की जरा." घरात? घरात मी आणि ही. मी तर नाही फिरवत. याला काय म्हणायचंय तेच कळेना.

२५ जानेवारी

फिरायला जातो सांगून निघालो, हेडमास्तरांच्या घराला वळसा घातला आणि मागच्या बाजूनं येऊन शेडमध्ये जुन्या दाराआड लपलो. रंगाचे डबे, कोळिष्टकं, शिंक आली ती नाक दाबून मारली.

आली. कोण? ही!

पदर खोचलेला, हातात माझा स्क्रू ड्रायव्हर आणि खुंटीवरची किल्ली. बॉनेट उघडलं, वाकली, स्क्रू फिरवला — मला लागतो त्याच्या निम्म्या वेळात. मग चढली, गाडी चालू केली आणि मागे घेतली. फाटकातून. खांबाच्या बाजूनं. खांबात आणि गाडीत हातभर जागा सोडून! मी दाराआड तोंड उघडं टाकून उभा.

मागच्या गल्लीतून फेरी मारून परत आली. किल्ली काढली, गाडी धडधडायला लागली. हिनं ब्रेक दाबला, गिअर टाकला, क्लच सोडला. एक गचका — बंद! महिनाभर माझ्या नाकी नऊ आले, आणि ही रोज सकाळी असं करत होती!

खाली उतरली आणि शेडकडे न बघताच म्हणाली, "बाहेर या. पाय दिसतायत."

मी ओरडलो. खूप ओरडलो. चोरी, फसवणूक, जे सुचेल ते. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "उभी असली की बंद पडायची माझ्या हातून. स्क्रू पुढे घेतला की पडत नाही."

"शिकवलं कुणी?"

"इतकी वर्षं शेजारी बसून मी काय खिडकीतून झाडं मोजत होते? लायसन्स भावाच्या गाडीवर काढलं."

"म्हणजे तोही सामील!"

"तो भंगारातच घाला म्हणत होता. मी म्हटलं, महिनाभर थांब, मला चालवता येते का बघू. गाडी गेली असती तर तुम्ही कसे जगला असता?" मग स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात देत — "खांबाला घासली त्या दिवशी मी खिडकीत होते. तुम्ही ब्रेकसुद्धा मारला नाहीत. तुम्हाला खांब दिसलाच नाही."

हिनं चहा टाकला. आम्ही ओट्याशी उभ्यानंच प्यायलो.

२६ जानेवारी

बोललो नाही दिवसभर. तीही नाही. दोघांनी मिळून भांडी मात्र फार आपटली.

३१ जानेवारी

आरसे हिनं पोचवले. मी शेजारी. वाटेत सारखा ब्रेक मारत होतो, माझ्या पायाखाली नसलेला. "पाय घ्या मागे, गाडीला भोक पडेल," म्हणाली.

काचवाल्याच्या दारात गिअर टाकून गाडी बंद केली. हलकासा गचका, मग शांत. आरसे जागच्या जागी. काचवाला मला म्हणतो, "झाली की हो दुरुस्त! काय केलंत?" म्हटलं, "ड्रायव्हर बदलला." माल आमच्याकडेच राहिला.

परत येताना मीच म्हटलं, डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घे. हिनं ती आधीच घेऊन ठेवली होती. या बाईपुढे हात टेकले!

९ फेब्रुवारी

अक्षर बदललंय. डाव्या डोळ्यातही बिघाड निघाला, त्याचं ऑपरेशन झालं, पट्टी आहे. हे सांगतायत, मी लिहितेय. मागची पानं उलटायची नाहीत अशी सक्त ताकीद आहे. उलटली.

हे सांगतायत: लिही, डावा चांगला होणार, मग उजव्याचं बघू, उन्हाळ्यात मी पुन्हा गाडीवर. तोवर तू चालव, पण स्क्रूला हात लावायचा नाही.

आता झोप लागलीय त्यांना. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, उजवा परत येणार नाही आणि गाडी आता कधीच चालवायची नाही. मी अजून बोलले नाही. उद्या घरी नेताना सांगेन. चालवताना मला रस्त्याकडेच बघावं लागतं, त्यांच्याकडे बघावं लागणार नाही.