तळ्याचा कोपरा

३ मार्च
आज रुजू झाले. टेकडीवरचं हवामान केंद्र म्हणजे तीन खोल्या, एक गच्ची आणि चहूबाजूंनी वारा. तरी मी लहान मुलीसारखी खूश आहे. खालच्याच गावात धाकटी बहीण राहते. तिची फुलझाडांची रोपवाटिका आहे, आणि तिचं मोठं काचघर गच्चीवरून उन्हात चमकताना दिसतं. नोकरीची बावीस वर्षं तिच्यापासून लांब काढली. फोनवर तिनं लगेच सुनावलं, की तू ऊन सांगितलंस की मी छत्री घेऊनच बाहेर पडणार.

काम सोपं आहे. वसंतात रोज दुपारी बाराला विभागाचा अंदाज जातो. जिथे जोराचं वादळ, वीज, गारा संभवतात तेवढा भाग नकाशावर लाल पेन्सिलीनं भरायचा. नकाशे काढणारे गृहस्थ इथे तीस वर्षं आहेत. सगळे त्यांना नकाशाकाका म्हणतात. बोलणं कमी, पेन्सिलींना टोकं काढणं जास्त.

६ मार्च
जुने नकाशे चाळले. तीस वर्षं वसंतातल्या प्रत्येक दिवशी एकाच जागी लाल रंग: वायव्य कोपऱ्यातलं कोरडं तळं. तिथे चिटपाखरू नाही. काका म्हणाले, कुठेतरी भरावंच लागतं, मग जिथे माणूस नाही तिथे भरावं. नोंदींत तळ्यावर रोज वीज पडलेली आहे, पण नोंदीही त्यांच्याच हातच्या. तपासायला कोण जातंय? आकडे नसताना वादळ दाखवणं मला खोटेपणाचं वाटतं. मुख्य कार्यालयाला लिहिलं, की हा ओसाड कोपरा वगळून नकाशा मोठा छापावा, म्हणजे गावं नीट दिसतील. लिहिताना थोडा अभिमानही वाटला. तो वाटायला नको होता का?

१४ मार्च
नवे नकाशे आले. देखणे आहेत. तळं नाही. जुने मी रद्दीत पाठवले. काकांनी पेन्सिल माझ्या टेबलावर ठेवली. "आता तुम्हीच भरा, बाई. माझा हात वळायचा नाही." आणि रजेचा अर्ज देऊन गेले.

आकडे शांत होते. नकाशा कोरा पाठवला.

१५ मार्च
काल तीन वाजता दगडखाणीवर वादळ कोसळलं. अकरा माणसं गेली. चूक माझी, म्हणून पाहायला गेले. गारा मुठीएवढ्या होत्या. एका मजुराची लोखंडी टोपी कपाळात रुतली होती, कापून काढावी लागली. एका बाईच्या गळ्यातली साखळी वितळून मांसात गेली होती. तिचा नवरा तिच्या हातातला डबा सोडवायचा प्रयत्न करत होता. बोटं उघडत नव्हती.

परत येऊन आकडे तीनदा तपासले. वादळाचं नावनिशाण नाही.

१७ मार्च
काल दक्षिणेला ओलावा जरासा जास्त होता. कापडगिरणीचा भाग भरला. ताकही फुंकून प्यावं म्हणून. बरोबर तीनला गिरणीचं छप्पर आत कोसळलं. रस्त्याच्या एका बाजूला घरांच्या भिंतीही उरल्या नाहीत, दुसऱ्या बाजूला दोरीवर कपडे वाळत होते. हद्द माझ्या पेन्सिलीची.

भरताना हात घसरला होता. नखाएवढं शेपूट बाहेर आलं होतं. वादळ त्याच शेपटानं वळून घरांच्या एका रांगेत शिरलं. त्या रांगेतली सहा घरं मी आज मोजली. बाहेर काढलेल्यांना मोजवलं नाही.

मुख्य कार्यालयानं अचूक अंदाजाबद्दल अभिनंदन कळवलं आहे.

१८ मार्च
काकांच्या घरी गेले. आज ते बोलले. तीस वर्षांपूर्वी तेव्हाच्या साहेबांनी एकदा नकाशा कोरा पाठवला होता. त्या दुपारी काकांची बायको अंगणात होती. तिला त्यांनी चादरीत गोळा करून आणलं. "ते येतंच, बाई. आपण फक्त जागा दाखवायची. नाही दाखवली तर ते शोधतं."

आधी का सांगितलं नाहीत, विचारलं. सांगितलं असतं तर वेड्यांच्या दवाखान्यात पाठवलं असतं तुम्ही मला, म्हणाले. खरं आहे. पाठवलं असतं.

आज चौकटीबाहेर, समासात, हातानं तळं काढून भरलं. धरलं गेलं नाही. तीनला रेल्वे फाटकाशी थांबलेल्या गाड्या. काचा, पत्रे, आणि पत्र्यांत —

नको.

१९ मार्च
भिंग घेऊन बसले. रिकामी जागा नाही. मीच तर गावं मोठी करून घेतली.

उत्तरेच्या उतारावर एक मेंढपाळ. एकटा. दुर्बिणीतून पाहिला. भाकरी खात होता. मग टोकानं ठिपका दिला.

साडेतीनला पुन्हा दुर्बीण लावली. लोकर कुठली आणि तो कुठला —

मी निवडला. हे लिहून ठेवते. मी.

२० मार्च
बारा. भरलं. ही टेकडी. इथे फक्त मी आहे. फोन बंद केला. धाकटीचा आवाज ऐकला असता तर हात मागे आला असता.

दोन. मन हलकं आहे. पहिल्यांदाच प्रामाणिक अंदाज.

अडीच. वारा पडला. पाखरं नाहीत. काचघर चमकतंय. चमकू दे.

पावणेतीन — खाली घाटात गाडी. तिची. फोन चालू करून लावला. ओरडले, परत फीर. म्हणाली, "ताई, रेडिओवर टेकडीचं नाव घेतलं. तुझा फोन लागेना. तुला एकटीला सोडू होय?" — आवाज तुटला —

तीनला दहा — रबर. टेकडी पुसते. पुसली तर ते दुसरीकडे — कुठेही — ती सोडून —

लाल जात नाही. पसरतोय. जितकं पुसते तितका खाली — घाटाच्या रेषेवरून — पहिलं वळण —

गाडी दुसऱ्या वळणावर. बोटानं अडवते —

बोट लाल. बोटाखाली रस्ता —