दोनशे डबे, एकच कागद

१२ सप्टेंबर, शुक्रवार
अनिलच्या फोनवर आज पाच फोन. पाचही तेच. "कांबळे मिस्त्री हायेत का?" माझंही तेच. "बाहेर गेलेत. काम सांगा."

अनिल जाऊन अठ्ठावीस नोव्हेंबरला वर्ष होईल. कोल्हापुरात सगळ्यांना माहीत आहे. राधानगरी, बिद्री, मलकापूर बाजूच्या गिऱ्हाइकांना नाही. पहिल्या दिवशी तोंडातून "बाहेर गेलेत" निघून गेलं. दुसऱ्या दिवशी ते फिरवायचं कसं कळेना. मग अख्खा सीझन तेच. आता खोटं बोलतेय असंही वाटत नाही. काहीच वाटत नाही.

नंबर बंद करावा म्हटलं तर तोही करता येत नाही. जळलेली पंपाची मोटार दुकानातून नवी तार भरून गेली की तिच्या शेतातल्या स्टार्टरच्या पेटीवर अनिल स्वतः जाऊन नंबराचं स्टिकर चिकटवायचा. म्हणायचा, "मोटार जळली की माणूस पेटीपुढं येऊन उभा राहतो. तवा त्याच्या डोळ्यापुढं मी पायजे."

आहेच अजून.

१४ सप्टें., रवि.
पल्लवीने पुण्यात बसून माझं नाव घातलं म्हणून महिला उद्योजकांच्या शिबिराला गेले. लेकीपुढे नाही म्हणायची ताकद नाही. शेजारी एक चटणी-मसालेवाली, पलीकडे दोघी शिवणकामवाल्या. मोटार भरणारी मी एकटीच. ओळख करून देताना पुढच्या रांगेतल्या बायकांनी मागे वळून बघितलं.

विषय : जाहिरातीसाठी भेटवस्तू. मॅडम बोलायला बऱ्या. म्हणे, पेन, किचेन, कॅलेंडर सगळेच देतात, म्हणून कुणाचंच लक्षात राहत नाही. वस्तू देण्याआधी चार प्रश्न लिहून काढायचे. कुणाला द्यायची. तो ती कुठे ठेवणार. त्याला आपली गरज कधी पडते. आणि वस्तू बघून त्याला काय आठवलं पाहिजे.

मी स्टिकरचं सांगितलं. मॅडमनी टाळ्या वाजवायला लावल्या. "हे डोकं कुणाचं?" मिस्टरांचं म्हटलं. "मग पुढच्या वेळी त्यांनाही घेऊन या की!"

म्हटलं, बाहेर गेलेत.

चटणीवाली बघत होती माझ्या गळ्याकडे. बघू दे.

१५ सप्टें., सोम.
दुकानाला सुट्टी. शिबिराचा गृहपाठ.
कुणाला : जुनी गिऱ्हाइकं, दीडशेच्या आसपास.
कुठे ठेवणार : मोटारीजवळ ठेवली तर उपयोग. घरात भिंतीवर नको.
गरज कधी : पाऊस सरला की. नोव्हेंबरात मोटारी सुरू करतात आणि जळतात. म्हणजे वस्तू ऑक्टोबरात पोचली पाहिजे.
काय आठवलं पाहिजे :

इथे अडलं. कोरं ठेवून दिलं.

१८ सप्टें., गुरु.
मंगलवन्सं आल्या होत्या. अनिलच्या धाकट्या बहिणीचा सगळा जीव आता वर्षाच्या कार्यक्रमात आहे. पुण्यानुमोदन मोठं करायचं, आलेल्यांना नाव घालून भांडी द्यायची. "आईच्या टायमाला ताटल्या दिलेल्या. दादाला डबा देऊया. शेतावर न्यायचा, दोन पुडाचा."

शेतावर न्यायचा डबा! गिऱ्हाइकाचा डबा कुठे असतो दुपारपर्यंत? मोटारीच्या खोलीत, पेटीशेजारी. तिसऱ्या प्रश्नापर्यंतचा गृहपाठ वन्संनीच सोडवला. वर्षात पहिल्यांदा डोकं चाललं माझं.

सर्जेरावमामांना सांगितलं. मामा म्हणजे अनिलबरोबर वीस वर्षं काढलेला माणूस. मोटार खोलणं, बसवणं त्यांचं, तार भरणं माझं. लग्न झाल्यापासून तार मीच भरते, मागच्या खोलीत बसून. अनिल पुढे बसायचा, बोलायचा, गिऱ्हाइकाला वाटायचं सगळं मिस्त्रींच्याच हातचं. आम्हालाही त्यात काही वाटायचं नाही.

मामा म्हणाले, "डबं द्या वैनी, पर एक ध्येनात ठेवा. मिस्त्री न्हाईत हे कळू द्यायचं न्हाय. बाईनं भरलेली मोटर हिरीत कोण सोडंल? गाड्या समोरच्या दुकानाला वळत्याल."

दुकान बंद पडलं तर मी काय करणार? पल्लवीकडे पुण्यात. फ्लॅटमध्ये. टीव्ही.

२३ सप्टें., मंगळ.
भांड्यांच्या दुकानात ऑर्डर दिली. दोनशे डबे. पन्नास कार्यक्रमाचे, दीडशे दुकानाचे. एकत्र घेतल्याने बरं पडलं. नावं कोरणारे म्हातारे काका कोपऱ्यात मशीन घेऊन बसलेले. मजकूर कागदावर लिहून दिला. वर कार्यक्रमाचा, खाली दुकानाचा, मध्ये रेघ.

काकांनी विचारलं, "नावाआधी कै. घालू न्हवं?" आमच्यात कालकथित घालतात म्हटलं. लिहिलंय तसंच घाला. बरं म्हणाले.

किती शांतपणे बोलले मी. मोटारीचा नंबर सांगावा तसं.

२ ऑक्टोबर, गुरु.
दसरा. मामांनी तार गुंडाळायच्या मशीनला झेंडूचा हार घातला. दरवर्षी घालतात. अनिल हसायचा, पण काढायचा नाही. संध्याकाळी विहारात गेले. पांढरी साडी नेसून सगळ्यांत बसले. वंदना झाली. घरी आले. एवढंच.

७ ऑक्टो., मंगळ.
डबे आले.

दोनशेच्या दोनशे डब्यांवर सगळाच कागद कोरलाय. वर "कालकथित अनिल यशवंत कांबळे यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ", तारीख. खाली "अनिल मोटार रिवाइंडिंग, उद्यमनगर". त्याखाली अनिलचा मोबाइल नंबर.

डबा घेऊन गेले काकांकडे. काका गोंधळले. "वैनी, लोक असंच घालत्यात की. वर मयताचं नाव, खाली देणाऱ्याचं. हयात गेली माझी ह्यात. मधली रेघ बघितली, म्हटलं ती बी शोभंला दिल्या, तीबी काढली."

खरंच काढलीय रेघ. छान सरळ.

त्यांना काय बोलणार. चूक माझी. दोन कागद द्यायचे होते.

८ ऑक्टो., बुध.
मामा : "वाटायचं न्हाय हे. पालिशवाल्याकडनं घासून काढू."
पल्लवी : "आई, घासून घे आणि तुझा नंबर घाल. नाहीतर असं कर, ते डबे राहू देत, दुकान बंद करायचाच विचार कर एकदा."
वन्सं : "बरं दिसतंय की सगळं एकत्र."

मी डब्यांमध्ये बसून होते. मागची खोली भरलीय. टिंबाटिंबांची अक्षरं, बोट फिरवलं की लागतात. दोनशे वेळा तेच नाव. कुणी मला विचारलं असतं की कसं वाटतं, तर म्हटलं असतं डबे चांगले जाड आहेत.

११ ऑक्टो., शनि.
एक डबा घासून आणला. नाव गेलं. तिथे पांढुरका पट्टा राहिला, वरच्या ओळीएवढा. देताना कुणीही विचारेल, इथे काय होतं?

मामांना सांगितलं, आहेत तसे वाटायचे. मामा बराच वेळ बोलले. मला ऐकू येत होतं, पण आत जात नव्हतं. शेवटी म्हटलं, "मामा, मी दमले. रोज पाच वेळा त्यांना बाहेर पाठवून दमले."

मामा उठून मोटार खोलायला लागले.

१६ ऑक्टो., गुरु.
टेम्पोने बिद्रीच्या बाजूला. चौदा घरं. मामा गाडीतून उतरले नाहीत.

पहिल्या घरातल्या बाईने डबा हातात घेतला, वाचला, उंबऱ्याबाहेर ठेवला. "सणाच्या तोंडावर मयताचा डबा आणलासा व्हय?" बरोबर आहे तिचं. मॅडमच्या चार प्रश्नांत हे नव्हतं. ऑक्टोबर मोटारीला चांगला, स्मृतीला नाही.

चौथं की पाचवं घर. म्हातारे पाटील, आमचे पंधरा वर्षांचे. चष्मा लावून सगळं वाचलं. नंबरसुद्धा वाचला.
"मार्चला फोन केलता मी. बाहेर गेलेत म्हणून तुम्हीच सांगितलंसा."
"हो."
"खोटं बोललासा."
"हो."
"मग माझी मोटर कुणी भरली?"
"मी."
बघत राहिले. मग, "अजून जळली न्हाय." एवढंच बोलले. डबा घेऊन आत गेले. पुढच्या वेळी आणतो म्हणाले नाहीत. नाही आणणार म्हणालेही नाहीत. चहा आला तो त्यांच्या सुनेने आणला.

परतताना मामांनी एकदाच विचारलं, "काय म्हणले?" वाचलं म्हटलं.

१८ ऑक्टो., शनि.
राधानगरीकडची घरं संपवली. दोघांनी डबे नाकारले. एका बाईने माझा हात धरला आणि सोडेचना. तिचेही गेलेत, जूनमध्ये. ती रडत होती. मी तिच्या खांद्यावरून गोठ्यातल्या म्हशी मोजत होते. सहा. मला लाज वाटली, पण सहाच होत्या.

६ नोव्हेंबर, गुरु.
फोन वाजत नाही. आधी वाटलं बिघडला. पल्लवीला लावायला सांगितला, वाजला.

वर्षभर ज्या "मिस्त्री हायेत का"चा कंटाळा आला होता, ते कुणीच विचारत नाही. सगळ्यांना कळलंय. वस्तू अगदी योग्य जागी पोचली.

शिबिराच्या ग्रुपवर मॅडमचा मेसेज, आपापला अनुभव कळवा. चटणीवालीने बरण्यांचे फोटो टाकलेत. माझं अजून काही नाही.

१४ नोव्हें., शुक्र.
समोरच्या दुकानापुढे राधानगरीची गाडी. दोन मोटारी उतरवल्या. ओळखीचा माणूस, माझ्याकडे बघून नजर वळवली. त्यांनी मोटारी आत घेईपर्यंत तो पायरीवर बसून जेवला. आमच्या डब्यातून. नाव माझ्याकडे तोंड करून.

मामा म्हणाले, "बघा." मी बघत होते. डबा मजबूत आहे, रोज वापरतोय.

राग यायला हवा होता. हातातली कॉइल सोडून परत पहिल्यापासून गुंडाळली, कारण किती वेढे झाले ते विसरले. असं माझं कधी होत नाही.

२१ नोव्हें., शुक्र.
दोन मोटारी आल्या, दोन्ही गावातल्याच. एवढ्यावर मामांचं घर चालणार नाही. समोरच्याने त्यांना कामाला येता का विचारलंय, हे मला दुसऱ्याकडून कळलं. त्यांनी जावं, असं मला वाटलं पाहिजे. वाटत नाही. जाऊ नका, असंही तोंडातून निघत नाही.

२८ नोव्हें., शुक्र.
कार्यक्रम पार पडला. भन्तेजी आले, परित्राण पाठ झाला. पन्नास डबे गेले. वन्सं खूप रडल्या, पल्लवी रडली, मामासुद्धा मागच्या ओळीत रुमाल काढून. बायका माझ्याकडे बघत होत्या. मी कोण जेवायचं राहिलंय ते विचारत फिरत होते.

मलकापूर बाजूसाठी ठेवलेल्या डब्यांत तो घासलेला सापडला. पट्टावाला. तो मी ठेवला.

२९ नोव्हें., शनि.
पट्टावाल्या डब्यातून दुकानात जेवण नेलं. दुपारी अनिलचा फोन वाजला. मामांचे हात थांबले.

मलकापूरच्या पलीकडचा कुणीतरी. आम्ही तिकडे पोचलोच नव्हतो, डबा नव्हता मिळाला त्याला. पेटीपुढे उभा होता. मागे वारा ऐकू येत होता.

"कांबळे मिस्त्री हायेत का?"

सवयीने "बाहेर" एवढं आलंच होतं तोंडात. थांबले. म्हटलं, "नाहीत. ते गेले. काल वर्ष झालं."

तो म्हणाला, "आरं... म्हाईत नव्हतं ओ वैनी. लई चांगला माणूस." मग हळूच, "ही पेटी त्यांनीच बसवून दिलती. मग आता मोटर कुणाकडं टाकू?"

मी भरते, माझ्याकडे घेऊन या. दोन वाक्यं. एवढंच सांगायचं होतं. पाठ होतं. आणि तोंड उघडलं तर नुसतं रडू. वर्षभराचं. एका अनोळखी माणसाच्या कानात, जळलेल्या मोटारीवरून. बिचारा "हॅलो, वैनी, हॅलो" करत राहिला. मामा उठून दाराशी जाऊन उभे राहिले, पाठ करून. फोन कधी कट झाला कळलं नाही.

नंतर तोंड धुतलं. अर्धी राहिलेली मोटार पुरी भरली. वेढे बरोबर आले.

त्याचा परत फोन नाही. त्याचा नंबर आहे माझ्याकडे. सोमवारी सुट्टी. उद्या लावते.